उजवी बाजू

उणे अडतीस.
सास्काटूनमध्ये आज नाकातले केससुद्धा ताठ उभे,
आणि डॉक्टरीणबाई म्हणते, रोज अर्धा तास चाला, ओरिसिया.
कुठे चालू? फुटपाथ म्हणजे नुसता आरसा.
नोव्हेंबरात त्याच आरशात बघताना
माझा डावा गुडघा गेला.

दुकानात एक नवं पाहिलं. किंमत वाचून हसू आलं,
वर चढले आणि हसू उतरलं.
पट्टा इतका आखूड
की पुढचं पाऊल मागच्याला विचारून टाकावं.
दांडा धरला, तर तोच माझ्या आधाराने उभा.
खोक्यावर मोटर अडीच घोड्यांची;
त्यातले दीड घोडे छापखान्यातच मेले असावेत.
'नव्वद दिवसांची हमी,' पोरगा म्हणाला.
बाळा, मी एकतीस वर्षं शाळेची बस हाकली.
नव्वद दिवस तर आमच्याकडे
वायपरही टिकायचे.

मग किराणा दुकानाच्या फळ्यावर एक चिठ्ठी, पेन्सिलीने:
ट्रेडमिल. चालू. साठ डॉलर.
जिना तुमचा तुम्ही बघा.

मेनो थीसन तळघरात पुढे उतरला,
उतरताना दर पायरीला उजवी बाजू जरा सांभाळत.
काकडीच्या बरण्या, फ्रीझर, धुमसती भट्टी,
आणि त्यांच्यामध्ये ते, चादर पांघरून,
आजारी नातेवाइकासारखं.

गाडी घेताना रंग बघतो तो फसतो.
मी कोट काढला आणि जमिनीवर आडवी झाले.
मोटरला कान लावला. जळका वास नाही.
पट्ट्याखाली बोटं घातली: तेल घातलेलं, अलीकडेच.
वर चढून मुद्दाम टाच आपटली;
पट्टा जरा कचरला, पण घसरला नाही.
'चढ बंद आहे,' मेनो म्हणाला. 'चौथं बटण मेलंय.
आणि वेग खोटा दाखवतं.
चार म्हणालं तर साडेतीन समजा.'
खोटं बोलतं, पण रोज तेवढंच?
'रोज तेवढंच.'
असल्या माणसाबरोबर मी चव्वेचाळीस वर्षं काढली.
चालेल.

'किलोमीटर किती झाले?'
'आकडा दोन हजारांवर अडकला.
मी नाही अडकलो.'

'मग विकता का?'
लेकीकडे निघालाय, रेजायनाला. सातवा मजला,
खालच्या घरात तान्हं बाळ.
एवढं सांगून तो बरण्यांची झाकणं
उगाच घट्ट करू लागला.

तेव्हा मला पट्टा नीट दिसला.
डावीकडे एक लांब राखाडी वाट,
झिजून गुळगुळीत झालेली,
आणि उजवीकडे काळं, खरबरीत, जवळजवळ नवं.
मेनोने उजव्या खुब्यावर दोन बोटं वाजवली.
'सहा हिवाळे,' म्हणाला. 'सगळा भार डाव्यावर.'

मी साडेतीनवर चालू लागले, म्हणजे तीनवर.
डावं पाऊल अलगद,
उजवं धप्प.
तो माझ्या पायांकडे बघत होता,
शेतकऱ्याने दुसऱ्याचं जनावर बघावं तसा,
आणि काहीतरी त्याच्याही ध्यानात आलं.
'पन्नास द्या,' म्हणाला.

का, ते मी विचारलं नाही.
साठच देणार होते मी.
अर्धं तर कोरंच मिळत होतं,
नेमकं मला लागणारं अर्धं.

तेरा पायऱ्या, अरुंद वळण, मदतीला पुतण्या एकच,
त्यालाही पाठीचं दुखणं. हिशेब अजून बाकी होता.
पर्स घ्यायला खाली उतरले,
आणि विसरले की मेनोने ती लाल दोरी
माझ्या स्वेटरच्या बटणाला आधीच अडकवली होती.
दोरी ताणली. किल्ली निसटली.
यंत्र थांबलं,
आणि एकाएकी भट्टीचा आवाज
केवढा मोठा होता ते आम्हा दोघांना कळलं.